‘सगळे विंडोजच घेतात’: एका युक्तिवादाचा प्रतिवाद

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत नवा संगणक घेण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद बहुतेक वेळा चर्चेचा शेवट करतो: सगळे विंडोजच वापरतात, म्हणून विंडोजच घ्यावे. शेजारचा इंजिनीअर तेच सांगतो, सुटे भाग जोडून असेंबल्ड डेस्कटॉप देणारा दुकानदार तेच सांगतो, आणि संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या केंद्रात तर दुसरे काही निवडता येते याची कुणकुणही विद्यार्थ्याला लागत नाही. या मताला विरोध करणारे दोन छोटे पक्ष आहेत. मॅकवाले म्हणतात की महाग पडला तरी तो टिकतो. लिनक्सवाले म्हणतात की ते फुकट आहे आणि व्हायरस लागत नाही. तिन्ही पक्षांचा वाद यंत्राभोवती फिरतो, आणि त्या यंत्रावर घरातले लोक जे लिहून ठेवणार त्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. बहुमताचा युक्तिवाद ज्या गोष्टी सिद्ध करतो असे समजले जाते त्यांपैकी फार थोड्या तो खरोखर सिद्ध करतो, आणि मराठी लिहिणाऱ्या घरांचे तर त्याने आजवर नुकसानच केले आहे, असे येथे दाखवायचे आहे.

प्लॅटफॉर्म या शब्दात येथे तीन थर धरले आहेत: प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असलेले यंत्र, त्या यंत्राचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज, मॅकओएस किंवा उबुंटू-मिंट यांसारखे लिनक्सचे प्रकार, आणि त्या सिस्टिमवर चालणारे प्रोग्रॅम. खरेदी होते ती पहिल्या थराची, वाद होतो तो दुसऱ्याचा, आणि माणूस अडकतो तो तिसऱ्यात. म्हणूनच ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण आणि ते नेमके काय वापरतात, हे आधी तपासले पाहिजे.

बहुमत ही कायमची गोष्ट असल्याप्रमाणे हा युक्तिवाद मांडला जातो, पण भारतातील शालेय संगणकाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला तेव्हा निवड झाली ती बीबीसी मायक्रो या ब्रिटिश यंत्राची, आणि त्या निवडीमागे भक्कम बहुमत होते, कारण ब्रिटनमधील बहुतेक शाळांत तेच यंत्र होते. आठ बिटांचा प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट मेमरी असलेले ते यंत्र त्या काळाच्या मानाने उत्तमही होते. तरीही १९९०च्या दशकात याच योजनेचा विस्तार करताना सरकारला आयबीएम पद्धतीच्या पीसीकडे वळावे लागले, आणि बीबीसी मायक्रोसाठी तयार झालेले कार्यक्रम त्या पीसीवर निरुपयोगी ठरले. ‘क्लास’ सुरू झाल्याच्या सुमारालाच पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली होती. घरातल्या टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा तो संगणकही परदेशात लाखो घरांत असलेल्या यंत्राचाच भाऊ होता. दोन्ही यंत्रे बहुमताच्या बळावर आली आणि बहुमत हलल्यावर मागे पडली. त्यांच्यावर जे बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले त्यांचे ज्ञान टिकले. कॅसेटवर जे साठवले ते बहुतेक गेले.

आजचे बहुमत कसे तयार झाले हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल ही संस्था २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने स्थापन झाली, आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून मान्य झाल्यावर गावोगाव त्याची केंद्रे उघडली. संगणक न पाहिलेल्या लक्षावधी माणसांच्या मनातली भीती या अभ्यासक्रमाने घालवली, हे त्याचे काम मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो शिकवला गेला तो विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या आधारे, त्यामुळे ‘संगणक येतो’ आणि ‘विंडोज येते’ ही दोन विधाने एका पिढीला एकच वाटू लागली. तुलना करून जे निवडले जाते त्याला पसंती म्हणतात. येथे तुलनेची संधीच नव्हती, तेव्हा या बहुमताला सवय म्हणणे अधिक योग्य आहे.

आणि बहुमतच प्रमाण मानायचे तर हिशेब वेगळाच लागतो. घरातल्या प्रत्येकाच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्यावर चालतो. बँका, रेल्वे आरक्षण आणि शेअर बाजार यांच्यामागच्या सर्व्हरांत लिनक्सचे प्रमाण प्रचंड आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली-महापेला जाणारे कितीतरी तरुण दिवसभर लिनक्स सर्व्हरांचीच देखभाल करतात आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांना सांगतात की लिनक्स आपल्याला जमणार नाही. ऑफिसातल्या विंडोजचा दाखला तर घराला लागूच पडत नाही, कारण तिथे परवाने कंपनीने विकत घेतलेले असतात, बिघाड झाला तर आयटी विभाग असतो आणि बॅकअपची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते. गाडीला गर्दी आहे म्हणून ती आपल्या स्टेशनावर थांबेलच, असे डोंबिवलीचा रोजचा प्रवासी कधी मानत नाही. इंडिकेटर वाचूनच तो चढतो. संगणकाच्या बाबतीत मात्र तोच माणूस केवळ गर्दी पाहून चढतो.

बहुमताच्या बाजूने सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा मराठीचा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कच्चा आहे. मराठी टाइप करायचे तर विंडोजच हवे, श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम हे सगळे विंडोजवरच चालते, असे डीटीपी करणारे सांगतात, आणि १९९०च्या दशकापुरते ते खरेही होते. पण ते खरे का होते याचा विचार केला तर त्यातून विंडोजचा मोठेपणा सिद्ध होत नाही. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्येच प्रमाणित झाला होता आणि भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली, म्हणजे कोणत्या अक्षराला संगणकात कोणता क्रमांक असावा याची ठरलेली यादी, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान याच पायावर उभे होते. पुढे जगभर स्वीकारल्या गेलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे कोणत्याही एका प्लॅटफॉर्मशी न बांधलेले मराठी शक्य आहे, हे विंडोजचे राज्य येण्यापूर्वीच ठरले होते.

विंडोजवरचा बाजार मात्र या मानकाला वळसा घालून गेला. फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनी सोपी वाट धरली: रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवायचे. कृतिदेवात ‘ठाणे’ लिहिले की संगणकाच्या लेखी त्यात ‘ठ’ नसतोच. असतो तो रोमन मोठा ‘बी’, आणि काना म्हणजे रोमन लहान ‘के’. पडद्यावर मराठी दिसते ते केवळ त्या फॉन्टच्या कृपेने. प्रत्येक कंपनीची आकारांची मांडणी वेगळी असल्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा कचरा होतो, आणि फॉन्टच नसेल तर अर्थहीन रोमन ओळी उरतात. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही, आणि तो ईमेलने पाठवायचा तर त्याच्यासोबत फॉन्टही पाठवावा लागतो. काही पॅकेजे डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाच्या मागे लावायच्या कुलपाशिवाय, चालत नसत. डोंगल बिघडला की स्वतःच टाइप केलेला मजकूर स्वतःलाच बंद. यावर ताण म्हणून पानांची मांडणी होत होती ती पेजमेकरमध्ये, ज्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि जिला युनिकोड कधीच समजले नाही.

ठाणे-डोंबिवलीला या गोष्टीची झळ इतर अनेक शहरांपेक्षा अधिक लागली, कारण येथे लिहिणारे आणि छापणारे दाट वस्तीने राहतात. १८६४ मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या परंपरेत उभी आहेत, तिचेच पुढचे रूप म्हणजे दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, ज्ञातिमंडळांची मुखपत्रे, गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्ते आणि घरच्या घरी होणारी डीटीपीची कामे. हा मजकूर दोन दशके विंडोज, पेजमेकर आणि एखादा खासगी फॉन्ट या तिहेरी बंधनात साठत गेला. ‘सगळे तेच वापरतात’ म्हणून तो मार्ग सुरक्षित मानला गेला होता. आज त्या फायली उघडायच्या तर जुना संगणक, जुने विंडोज आणि जुना फॉन्ट असे तिन्ही जिवंत ठेवावे लागतात. दुसरीकडे, दौत-टाकाने लिहिलेली शंभर वर्षांपूर्वीची इतिवृत्ते कोणालाही वाचता येतात.

विंडोजने पुढे सुधारणा केली हे खरे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट आला. पण विंडोज एक्सपीमध्ये ती सोय मुळात बंद असे आणि सीडी घालून वेगळी बसवावी लागे. असेंबल्ड संगणक देणाऱ्यांपैकी अनेकांना ती आहे हेच ठाऊक नसे, त्यामुळे ‘विंडोजमध्ये मराठी येत नाही, फॉन्ट विकत घ्या’ हा सल्ला युनिकोड आल्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिला. मंगलमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत, ही तक्रार तर मराठी वाचक आजही करतो. लिनक्सच्या बाजूला रेड हॅट या कंपनीने लोहित ही मुक्त फॉन्टमाला दिली, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा युनिकोड फॉन्ट आला, आणि इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्लॅटफॉर्मांवर आता मुळातच असतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी परिच्छेद आज विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन या सगळ्यांवर तोच राहतो. मराठीसाठी अमुकच प्लॅटफॉर्म हवा, हे विधान नव्या मजकुरापुरते आता कोणाच्याही बाजूने करता येत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. विंडोजची दुरुस्ती गल्लीत होते असे म्हणतात, पण त्यातली यंत्राची दुरुस्ती, म्हणजे रॅम, एसएमपीएस किंवा डिस्क बदलणे, त्याच यंत्रावर लिनक्स असले तरी तशीच होते. उरते ती सिस्टिमची दुरुस्ती, आणि तिचा गल्लीतला प्रकार बहुधा एकच असतो: फॉरमॅट मारणे, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा घालणे. या उपायाने घरातले फोटो आणि कागदपत्रे किती वेळा नाहीशी झाली असतील याची गणती नाही. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जोडलेल्या संगणकाच्या बिलात विंडोजच्या परवान्याची ओळ अनेकदा नसे. क्रॅक करून घातलेली प्रत वापरायची आणि मग विंडोज स्वस्त पडते असे म्हणायचे, हा हिशेब चोरीच्या मालावर उभा आहे.

बहुमतासोबत राहणे सुरक्षित असते, या दाव्याला सर्वांत मोठा धक्का मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे नव्या सापडणाऱ्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या सर्वसाधारण ग्राहकाला मिळणे त्या दिवसापासून थांबले, आणि ज्यांना मुदत हवी होती त्यांना एका वर्षाची वेगळी नोंदणी करावी लागली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी सोय लागते आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, ज्या पिढीची सुरुवात २०१७ची आहे. त्यामुळे २०१५-१६ मध्ये घेतलेला, आजही टाइपिंग, बँकेचे व्यवहार आणि व्हिडिओ कॉल यांना पुरून उरणारा संगणक अधिकृतपणे बाद ठरतो. त्यात बिघाड काहीच नसतो. बहुमताच्या प्लॅटफॉर्मवर असणे हे ज्याला विम्यासारखे वाटत होते, त्याच्या यंत्राचे आयुष्य असे एका कंपनीच्या वेळापत्रकाने ठरते.

येथे मॅकच्या पक्षाने फार खूश होण्याचे कारण नाही. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक आणले आणि २०२५ मध्ये जाहीर केले की मॅकओएस टाहो ही इंटेलवरच्या मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती असेल. नव्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा खरेदीच्या दिवशी केलेली काटकसर कायमची होते. यंत्र उत्तम आहे, बॅटरी फार चालते, आणि ज्याच्या खिशाला परवडते त्याने ते जरूर घ्यावे. पण टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या करसल्लागाराला ते घेऊन वर विंडोजची सोय वेगळी करावी लागेल, कारण टॅली विंडोजसाठीच बनते.

लिनक्सचा कैवार घेणाऱ्यांचीही झाडाझडती व्हायला हवी, कारण त्यांच्या ‘फुकट’ या शब्दाने अनेकांची फसगत झाली आहे. परवाना फुकट असतो, शिकण्यात जाणारा वेळ नसतो. कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर भारतातल्या असंख्य घरांत आणि छोट्या कार्यालयांत आहे, आणि तो लिनक्सवर चालवताना भलेभले घाम गाळतात. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याला, आयकराची ऑफलाइन युटिलिटी लागणाऱ्याला आणि जुन्या पेजमेकर फायलींवर रोजचे पोट असणाऱ्याला विंडोज सोडा असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. या गरजा खऱ्या आहेत, पण त्या नावे घेऊन सांगता येतात, आणि हाच फरक महत्त्वाचा आहे: ‘टॅली लागते म्हणून विंडोज’ हा युक्तिवाद आहे, ‘सगळे घेतात म्हणून विंडोज’ हा नाही. पगारदाराचे साधे विवरणपत्र तर आयकराच्या संकेतस्थळावर ब्राउझरमधूनही भरता येते.

मुलांचे नुकसान होईल ही भीती सर्वांत शेवटी पुढे केली जाते आणि पालकांवर तिचाच परिणाम सर्वाधिक होतो. केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ या कार्यक्रमातून सरकारी शाळांत लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअरवर शिक्षण दिले, दहावीच्या परीक्षेतला आयटीचा भागही त्यावरच घेतला, आणि पुढे ते काम ‘काइट’ या संस्थेकडे गेले. तिथली मुले नोकरीच्या बाजारात संगणकावाचून अडल्याचे कोणी म्हणत नाही. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून विनामूल्य देतो. ठाण्याहून पवई हाकेच्या अंतरावर आहे, पण ते धडे ठाण्यातल्या किती पालकांना माहीत आहेत, हा वेगळा प्रश्न.

अलीकडे आणखी एक पळवाट निघाली आहे: आता सगळे ब्राउझरमध्येच होते, तेव्हा काहीही घ्या, क्रोमबुक घ्या नाहीतर फोनवर भागवा. यात तथ्य आहे, पण अर्धेच. ब्राउझरमधला मजकूर कोणत्याही यंत्रावर दिसतो याचे कारण तो कोणाच्या तरी सर्व्हरवर असतो, आणि खाते बंद पडले किंवा पासवर्ड माहीत असणारी व्यक्ती गेली की घरच्यांना तो परत मिळवणे कठीण होते. एका बंधनातून सुटून दुसऱ्यात जाण्याला सुटका म्हणता येत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष कोणत्याही एका कंपनीच्या बाजूने पडत नाही, पण प्रश्नांचा क्रम मात्र उलटतो. मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि तो अशा स्वरूपात साठवला आहे का जे एकाहून अधिक प्रोग्रॅम उघडू शकतात, उदाहरणार्थ २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेले ओपन डॉक्युमेंट किंवा साधी टेक्स्ट फाइल, हे आधी विचारायचे. त्याची उत्तरे होकारार्थी असतील तर विंडोज, मॅक आणि लिनक्स यांतली निवड ही पैशाची आणि आवडीची गोष्ट उरते, आणि ज्या घरात टॅली, टोकन किंवा अडेल प्रिंटर यांपैकी काही नाही त्या घराने नवे विंडोज यंत्र घेण्यापूर्वी बाद ठरवलेल्या जुन्या संगणकावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहणे हेच शहाणपणाचे आहे. डिस्कला हात न लावता ते करता येते. उत्तरे नकारार्थी असतील तर कोणताही प्लॅटफॉर्म त्या घराला वाचवू शकणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून आहे त्यांनी तो भंगारात देण्याआधी एकदा सुरू करावा, कृतिदेव किंवा श्री-लिपीतल्या फायली कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणाव्यात, जोडाक्षरे आणि रफार नीट उतरले आहेत की नाही हे तपासून पाहावे, आणि त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, ठेवाव्यात. २६ जुलै २००५ च्या पुरात या परिसरातल्या तळमजल्यांवर पाणी शिरले होते, हे येथील लोकांना सांगावे लागत नाही. दुकानात जाऊन कोणता संगणक घ्यायचा हे विचारण्याचे काम त्यानंतरचे.